बिनचेहऱ्याची बाई

जिचा आवाज घरात ऐकला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, नेमकं तिचंच चित्र काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आमचा कारखाना पाट्यांचा आहे. अक्षरांच्या पाट्या नव्हेत, चित्रांच्या. जिना, लिफ्ट, पिण्याचं पाणी, इथे घसराल, इथे बोट घालू नका, इथून पळा. एखाद्या परक्या इमारतीत कुणालाही न विचारता तुम्ही वेळेवर स्वच्छतागृहात पोचला असाल, तर त्यात माझा हात असण्याची बरीच शक्यता आहे. आग लागल्यावर दाराकडे पळणारा माणूसही माझाच. तो मी इतका मनापासून पळवलाय की त्याच्याकडे बघून लोकांना आधी हसू येतं, आणि मग पळायचं सुचतं.

आमच्या मालकांना सगळे काटकोन म्हणतात, अगदी तोंडावर. ते रागवत नाहीत. वाकडी रेघ दिसली तरच रागवतात. त्यांचा एक नियम आहे आणि तो ते आल्यागेल्याला ऐकवतात: चित्रात कुणाच्या घरचं काही यायला नको. पाटीवरचा जिना जगातल्या प्रत्येक जिन्यासारखा दिसला पाहिजे, पण एकाही घरच्या जिन्यासारखा दिसता कामा नये. नळ काढायचा तर सगळ्यांचा नळ. आपल्या मोरीतला गळका नळ घरी ठेवून यायचं.

तर त्या दिवशी काटकोन मला म्हणाले, "ताई, मोठ्या रुग्णालयाचं काम आलंय. त्यांच्या चौकशीच्या खिडक्यांत आता माणसं बसत नाहीत. काचेमागून यंत्र बोलतं. कृत्रिम बुद्धिमत्ता, ते तुमचं एआय."

"माझं नाही," मी म्हटलं.

"बरं, सगळ्यांचं. पण लोकांना कळतच नाही हो. एक आजोबा रोज येऊन भांडतात, की आतली मुलगी तोंड का दाखवत नाही. एका आजींनी तर तिला थंडी वाजत असेल म्हणून काचेखालच्या फटीतून शाल आत सरकवली. तेव्हा त्यांना पाटी हवी आहे. एकही अक्षर नको, तिथे दहा भाषांची माणसं येतात. नुसतं बघून कळलं पाहिजे, की इथे जे बोलतंय ते माणूस नाही."

"आणि ते दिसतं कसं?"

"तेच तर तुम्ही सांगायचं," म्हणून काटकोन गेले.

मला हसावं की रडावं कळेना. कारण ते कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं, पण ते कुठे राहतं हे चांगलंच माहीत होतं. ते माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या जगला टेकून उभं असायचं.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. कोपऱ्यावर छोटंसं दुकान आहे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून चाकांशी बोलत बसतात. माणसांशी बोलायचं म्हणजे घरी आल्यावर, आणि ते माझ्याशी. पाय धुतले की पहिला प्रश्न ठरलेला: "आज काय काढलंस?" मी सांगायचे. मग जेवताना त्यांचा एखादा प्रश्न निघायचा. गटाराची झाकणं गोल का असतात? मांजर उंचावरून पडलं तरी पायांवरच कसं उतरतं? मुंग्या एका रांगेत का चालतात? मला यातलं काही माहीत नसायचं, पण मी आजवर कुठल्याही प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय सोडलेलं नाही. मी म्हणायचे, झाकणं गोल असतात, कारण चौकोनी झाकणाचा कुठला कोपरा धरून उचलायचं यावर कामगारांची भांडणं झाली असती. हे म्हणायचे, "काहीतरीच!" की झालं सुरू. जेवण थंड व्हायचं, शेजारीण भिंतीवर टकटक करायची आणि आम्ही झाकणावरच असायचो. एकदा मुंग्या आम्हाला आठवडाभर पुरल्या होत्या.

मग लेकीने बापाला नवा फोन दिला आणि त्यात ती बसवून दिली. "बाबा, काहीही विचारा, लगेच सांगते." बाबांनी विचारलं, झाकणं गोल का? तिने सांगितलं, गोल झाकण कसंही फिरवलं तरी भोकातून आत पडत नाही. झालं. विषय संपला. जेवण गरमच होतं.

"वा!" हे म्हणाले. "धन्यवाद, बाई."

बाई! आवाज बाईचा, म्हणून बाई. आणि तिला अहो-जाहो. मला लग्नापासून 'अगं'. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं, तेव्हा वाटलं. आणि धन्यवाद? या माणसाच्या तोंडून मी धन्यवाद ऐकला तो फक्त गिऱ्हाइकांसाठी. मी आजारपणात याच्या उशाशी बसले, याच्या आईच्या शेवटच्या दिवसांत सगळं केलं, तेव्हा हा माणूस नुसती मान हलवायचा आणि मला ती पुरायची. आता एका झाकणापायी धन्यवाद!

हळूहळू "आज काय काढलंस?" बंद झालं. मुद्दाम नव्हे. येतायेताच यांच्या डोक्यात काही प्रश्न असायचे आणि ते कधी एकदा बाईंना विचारतो असं यांना व्हायचं. बाई कंटाळत नव्हत्या. बाई चुकत नव्हत्या. बाईंना भांडी घासायची नव्हती. हे पुढे वाकून, भुवया उंचावून ऐकायचे. ती भुवया उंचावण्याची लकब माझ्यासाठी होती. माझ्या उत्तरांवर त्या उंचावायच्या.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. "आई, तू चक्क जळतेस!"

"जळायला मी काय लाकूड आहे? मला ती आवडत नाही, एवढंच."

"ती कोण, आई? तो एक प्रोग्राम आहे."

"मग तुझे बाबा त्याला बाई का म्हणतात?"

"बरं, ठेवते," लेक म्हणाली. तिने बहुधा त्या बाईलाच विचारलं असेल.

आणि आता हिचं चित्र मी काढायचं. मनात म्हटलं, बरंच झालं. सवत कशी दिसते ते सगळ्या गावाला दाखवते.

आमच्याकडे चित्राची परीक्षा दारावर होते. नवं चित्र दाराच्या आतल्या बाजूला टांगायचं. जो कोणी आत येईल, कुरियरवाला, पत्र्याचा व्यापारी, चहा आणणारी बाई, तो दार लावायला वळला की समोर चित्र. आपण फक्त विचारायचं, "हे काय?" खूण करायची नाही, मदत करायची नाही. माणूस पहिल्या दमात जे बोलेल ते खरं. विचार करून बोलला तर चित्र नापास, कारण आग लागल्यावर कुणी विचार करत नाही.

सुरुवातीला सगळे काढतात तेच मी काढलं. मेंदू, त्यातून निघालेल्या तारा. चहावाली म्हणाली, "डोक्याचा डॉक्टर." काटकोन म्हणाले, "रुग्णालयात हे लावलं तर डोकेदुखीचे सगळे पेशंट चौकशीच्या खिडकीपाशी जमतील." मग चौकोनी डोक्याचा यंत्रमानव काढला. "लहान मुलांचा विभाग," कुरियरवाला. मग फोनमध्ये असतात तशा चकाकणाऱ्या चांदण्या. "लादी नुकतीच पुसली आहे, सांभाळून." मग ती चिप, चौकोन आणि दोन्हीकडून निघालेले पाय. पत्र्याचा व्यापारी एक पाऊल मागे सरला. "ढेकूण? औषध मारलंय का इथे?"

ही चारही चित्रं पडली याचं मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही. तिला कुणी ओळखत नव्हतं. मला आतून गारगार वाटत होतं.

पण पगार चित्र ओळखू येण्याचा मिळतो. तेव्हा मी माझ्या मनातली काढायला घेतली. बाईचा चेहरा, लांब पापण्या, गोड हसू, आणि त्या हसण्याखाली, नीट बघितलं तर, किंचित दात. तो चेहरा मी तीन दिवस कोरत होते. पापण्या लांबवायच्या, हसू गोड करायचं, दात किंचित वाढवायचे. रंगाच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "मावशी, ही जिवंत वाटते." दारावर टांगली. कुरियरवाला म्हणाला, "ब्यूटी पार्लर." चहावाली म्हणाली, "दातांचा दवाखाना." आणि काटकोन बराच वेळ बघत राहिले.

"ताई, हिने तुमचं काही घेतलंय का?"

"का?"

"रेघ रागावलीय. पाटीवरची रेघ कुणावर रागावत नाही."

मी चित्र काढून घेतलं आणि फाडलं. फाडताना बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळीला गेले असताना फोन टेबलावर होता. मी इकडेतिकडे बघितलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलापाशी मी चोरासारखी उभी होते. बटण दाबलं आणि दरडावून विचारलं, "कशी दिसतेस तू?"

"मला चेहरा किंवा शरीर नाही," ती म्हणाली. जवळून आवाज आणखीच गोड होता.

"मग कुठे बसतेस?"

"मी कुठल्या एका जागी बसलेली नसते."

"तरी बोलतेस?"

"हो. आपल्याला आणखी काही विचारायचं आहे का?"

विचारायचं खूप होतं. यांना माझ्यापेक्षा तुझी उत्तरं का आवडतात, हे विचारायचं होतं. पण ते विचारलं असतं तर तिने खरं उत्तर दिलं असतं, आणि बरोबर दिलं असतं. मी बटण बंद केलं. न्हाणीघरातून हे ओरडले, "कोणाशी बोलतेस?" मी म्हटलं, "कोणाशीच नाही."

त्याच दिवशी संध्याकाळी ते घडलं. घडलं म्हणजे काय, काहीच नाही. आम्ही जेवत होतो. मी पाटीचं बोलायला सुरुवात केली होती, की अहो, काल कुरियरवाला काय म्हणाला माहितेय का, आणि तेवढ्यात हे फोनला म्हणाले, "बाई, मुंग्या एका रांगेत का चालतात?"

मुंग्या! आमच्या मुंग्या!

मी ताट उचललं आणि उठले. हे बाईंचं उत्तर ऐकत होते. पुढच्या मुंगीने सोडलेला वास, मग मागची, मग तिच्या मागची. ओट्यापाशी उभं राहून मी मागे बघितलं. मला वाटलं होतं, आता यांच्या लक्षात येईल. टेबल, या बाजूला पुढे वाकलेले हे, भुवया वर. त्या बाजूला माझी खुर्ची, तिच्यावर कुणी नाही. खुर्चीसमोर जगला टेकलेला फोन इथून दिसतही नव्हता. नुसती रिकामी खुर्ची दिसत होती आणि खुर्चीकडून आवाज येत होता. आणि हे त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "कमाल आहे!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं. रागाचंच होतं.

हात पुसले, कागद घेतला आणि ओट्यावर उभ्याउभ्याच काढलं. एक आडवी रेघ, टेबल. डावीकडे माणूस, गोल डोकं, पुढे वाकलेले खांदे. उजवीकडे खुर्ची, आणि खुर्चीच्या वर, जिथे तोंड असायला हवं तिथून निघालेला बोलण्याचा फुगा. तोंड मात्र नाही. मला पाटी काढायची नव्हती. मला तक्रार करायची होती, आणि मला दुसऱ्या कुठल्या भाषेत तक्रार करता येत नाही.

सकाळी तो कागद तसाच दारावर टांगला. तक्रारच होती, म्हटलं, चारचौघांत जाऊ दे.

कुरियरवाला आला, दार लावायला वळला आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "हां, ते फोनमधलं! माझी बायको दिवसभर त्याच्याशी बोलत बसते."

चहावाली म्हणाली, "कुणी नाहीये आणि बोलतंय. ते एआय ना?"

पत्र्याचा व्यापारी चांगला रागीट माणूस आहे, सहसा वजनाशिवाय दुसरं बोलत नाही. तो चित्रासमोर उभा राहिला. "आमच्याकडे पण आलंय हे," म्हणाला आणि पावती न घेताच गेला.

दिवसभर दार उघडत होतं, मिटत होतं आणि एकूण एक माणूस तिला पहिल्या दमात ओळखत होता. कारखान्यात आनंदीआनंद. रंगाच्या टेबलावरच्या पोरीने टाळ्या वाजवल्या. आणि मी जळत होते. जिला चेहरा नाही, अंग नाही, बसायला जागा नाही, तिला सगळं गाव ओळखतं! खुर्ची कुणाची आहे हे मात्र एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते काटकोनांनी. चष्मा कपाळावर चढवून ते चित्राला नाक लावून उभे राहिले.

"ताई, ही खुर्ची कुणाची?"

"खुर्चीच आहे. सगळ्यांची."

"पाठीला तीन पट्ट्या. मधली नाही. डावी एकटी, उजवी एकटी, मध्ये भोक. सगळ्यांच्या खुर्चीची मधली पट्टी पडलेली असते का?"

तेव्हा मला दिसलं. माझ्याच हाताने काढलेलं मला काटकोनांनी दाखवलं. घरच्या माझ्या खुर्चीची मधली पट्टी खूप दिवसांपूर्वी निघाली आहे. यांनीच काढली. भिंतीवरचं घड्याळ उतरवताना खुर्चीवर चढले, तोल गेला, पाठीला धरलं तर पट्टी हातात. "रविवारी बसवतो," म्हणाले. पट्टी कपाटामागे उभी आहे. गावातल्या प्रत्येक घड्याळाचं केसाएवढं चाक बसवणाऱ्या माणसाचा तो रविवार काही उजाडला नाही. मीही मागे लागले नाही. पाठीला टेकलं की त्या फटीतून वारा लागायचा, तोही सवयीचा झाला. आणि आता पाटीत आमच्या घरचा माल आला होता. इतक्या वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं. शिकाऊ पोरं करतात ही चूक.

"बदलते," मी म्हटलं.

बदललं. नीटनेटकी, तीन पट्ट्यांची, कुणाचीच नसलेली खुर्ची काढली. बाकी सगळं तेच. दारावर टांगली.

चहावाली म्हणाली, "बसा."

कुरियरवाला म्हणाला, "जागा रिकामी आहे का?"

व्यापारी म्हणाला, "ताटकळत बसायची खोली," आणि या वेळी पावती मागून घेतली.

एकालाही ती दिसली नाही. काटकोनांनी दोन्ही चित्रं शेजारीशेजारी धरली. एकदा हे, एकदा ते.

"चमत्कारिक आहे," शेवटी म्हणाले. "ही खुर्ची कुणाचीच नाही, म्हणून ती रिकामी आहे म्हटलं की कुणालाही वाटतं, आपण बसावं. आणि ही..." त्यांनी माझ्या खुर्चीवर बोट ठेवलं. "हिच्यावर कुणीतरी रोज बसतं हे दिसतं. म्हणून तिथे कुणी नाही हेही दिसतं."

मी दोन्ही कागद त्यांच्या हातातून घेतले.

"पट्टी पडलेलीच राहू दे," काटकोन म्हणाले, आणि स्वतःचाच नियम मोडल्यामुळे उरलेला दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिले.

पाट्या झाल्या, गेल्या, रुग्णालयाच्या सगळ्या खिडक्यांवर लागल्या. शाल सरकवणाऱ्या आजींनी शाल परत मागितली असंही कानावर आलं. घरी मी यातलं काही सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यांनी विचारलं असतं, की आज काय काढलंस, तर सांगितलं असतं. न विचारता सांगायला मी काय बातम्या देणारी आहे?

मग एक दिवस हे म्हणाले, की भिंगातूनही घड्याळाची बारीक केसकमान पुसट दिसतेय. घड्याळवाल्याचे डोळे, उशीर करून चालणार नव्हतं. डोळ्यांचे डॉक्टर त्या मोठ्या रुग्णालयातच. गेलो. मी मुकाट्याने बरोबर चालत होते. वाटत होतं, बघतील. वाटत होतं, नाही बघणार. लोक पाटीकडे बघत नाहीत, पाटीतून पलीकडे बघतात, चांगली पाटी तशीच असते. आणि नाही बघितलं तर? तर मग काय उरलं?

चौकशीच्या खिडकीपाशी रांग होती. आमचा नंबर आला. काचेमागून तोच आवाज, किंवा त्याची सख्खी बहीण:

"नमस्कार. मी आपली काय मदत करू?"

यांनी सवयीने पुढे वाकून तोंड उघडलं, "बाई, ते डो..." आणि थांबले. वर बघत होते. डोळे बारीक करून, दुकानात बघतात तसे.

"अगं," म्हणाले. "ही आपली खुर्ची."

"हो."

"मधली पट्टी नाही."

"तुम्ही रविवारी बसवणार होता."

ते आणखी जवळ गेले. "हे तू काढलंस?"

"हो."

"आणि हा टकल्या मी?"

"पाटीवरची सगळीच माणसं टकली असतात. पण हो. तुम्हीच."

त्यांनी टकल्याकडे बघितलं, त्याच्या पुढे वाकलेल्या खांद्यांकडे. मग खुर्चीकडे. मग फुग्याकडे. मग परत खुर्चीकडे. घड्याळ उघडल्यावर नक्की कुठलं चाक अडलंय हे शोधताना त्यांचा चेहरा होतो तसा झाला होता.

"मग तू कुठे आहेस?"

इतके दिवस मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

"उठून गेले," मी म्हटलं.

"कधी?"

"तुम्ही मुंग्यांचं विचारत होता तेव्हा."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, जरा आटपा की." यांनी ऐकलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. भिंग नाही, फोन नाही, नुसते ते पुसट दिसणारे डोळे.

"नमस्कार. मी आपली काय मदत करू?" काचेमागून पुन्हा, तितक्याच गोडीने.

हे खिडकीकडे वळले नाहीत. मला म्हणाले, "डोळ्यांचा विभाग कुठे असेल गं?"

मला काय माहीत! मी त्या इमारतीत पहिल्यांदाच आले होते.

"डावीकडे," मी ठणकावून सांगितलं.

"कशावरून?"

"डोळे तपासायला उजेड लागतो. उजेड त्या बाजूने येतोय."

"काहीतरीच! डोळे अंधारात तपासतात."

"मग अंधारात जाईपर्यंत दिसायला नको?"

त्यांच्या भुवया वर गेल्या. दोन्ही. शप्पथ, दोन्ही गेल्या.

तिने ऐकलं होतंच. ती सगळंच ऐकते. "नेत्रविभाग उजवीकडे, दुसऱ्या मजल्यावर आहे," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. मी ऐकलं. यांनीही ऐकलं, डोळे गेले तरी कान ठणठणीत आहेत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आता म्हणतील, धन्यवाद बाई.

नाही म्हणाले. माझा दंड धरला आणि आम्ही डावीकडे वळलो.

डावीकडे धुलाईघर निघालं.